एचआरटी घेऊ की नको: आधी घाम, हाडं आणि हृदय हे प्रश्न वेगळे करूया

तुम्ही दिलेली माहिती आधी एकदा मांडते, कारण उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. वय ५३. शेवटची पाळी दीड वर्षापूर्वी. गर्भाशय आणि अंडाशय काढलेले नाहीत. रात्री चार-पाच वेळा घामाने भिजून जाग येते, झोप होत नाही म्हणून दिवसभर चिडचिड आणि विसराळूपणा. बीपीची एक गोळी आणि थायरॉइडची एक गोळी, दोन्ही नियमित. आईचा खुबा सत्तरीत मोडला. एका डॉक्टरांनी सांगितलं की हार्मोन्स (एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावर कमी झालेली हार्मोन्स औषधाने देण्याचा उपचार) सुरू करा, हृदय आणि हाडं जन्मभर सांभाळली जातील. घरचे म्हणतात, त्याने स्तनाचा कॅन्सर होतो, हात लावू नको. तुमचा प्रश्न असा आहे: घेऊ का, आणि घेतलं तर किती वर्षं?

माझं मत आधीच सांगून टाकते. तपासणीत काही आडवं आलं नाही, तर तुमच्या परिस्थितीत मी त्वचेतून दिलं जाणारं इस्ट्रोजेन आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुचवेन. पण ते घामासाठी आणि झोपेसाठी. हाडांना त्याचा फायदा मिळेल आणि तुमच्या बाबतीत तो मोलाचा आहे. केवळ हृदय सांभाळायला म्हणून मात्र मी हे औषध कुणालाच देत नाही. तुमचे डॉक्टर आणि तुमच्या घरचे, दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. घोळ होतो तो ते तथ्य सगळ्या वयाच्या, सगळ्या बायकांना सरसकट लावल्यामुळे.

घरच्यांची भीती जिथून आली तो अभ्यास म्हणजे अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्याच्या एका भागात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या. वय ५० ते ७९, सरासरी ६३. साधारण निम्म्यांना रोज ०.६२५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन (गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं) आणि २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (कृत्रिम प्रोजेस्टेरॉन) एकत्र असलेली गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी ५.२ वर्षं झाल्यावर जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला. बातमी झाली ती अशी: स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढला. जगभर बायकांनी गोळ्या बंद केल्या आणि डॉक्टरांनी लिहिणं सोडलं.

आता तेच आकडे दुसऱ्या पद्धतीने वाचा. दहा हजार स्त्रियांचं एक वर्ष धरलं, तर बिनऔषधाच्या गटात स्तनाचा कॅन्सर ३० जणींना झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. हृदयविकार ३० विरुद्ध ३७. पक्षाघात २१ विरुद्ध २९. फुप्फुसात गुठळी ८ विरुद्ध १६. उलट मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६ वरून १० वर आला आणि खुब्याचं फ्रॅक्चर १५ वरून १० वर. म्हणजे वाढ खरी होती आणि ती नाकारायचं काही कारण नाही. पण ‘२६ टक्के’ ऐकून मनात जे चित्र उभं राहतं, ते दहा हजारांत आठ या आकड्याने राहत नाही. औषधाचा धोका सांगताना टक्केवारीच्या आधी हा सुटा आकडा सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बाई निर्णय घेते तो त्याच आकड्यावर.

दुसरी गोष्ट, त्या अभ्यासातल्या बहुतेक जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लोटला होता. साठी-सत्तरीत पहिल्यांदा हार्मोन सुरू करणं आणि पाळी गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत सुरू करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरी गोष्ट, ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं अशा १०,७३९ जणींना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, लांबच्या पाठपुराव्यात तो कमीच आढळला. पक्षाघात मात्र त्यांच्यातही वाढला. आणि २०१७ मध्ये १८ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता.

मग स्तनाच्या कॅन्सरची भीती सोडून द्यायची का? नाही. २०१९ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून लॅन्सेटमध्ये एक मोठं विश्लेषण आलं. पाश्चात्त्य देशांतल्या, सर्वसाधारण वजनाच्या स्त्रियांसाठी त्यातला हिशोब असा: हार्मोन कधीच न घेतलेल्या १०० जणींपैकी ५० ते ६९ या वीस वर्षांत सुमारे ६.३ जणींना हा कॅन्सर होतो. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं काम करणारं औषध) दोन्ही रोज घेतलं तर ८.३. प्रोजेस्टोजेन महिन्यातले ठरावीक दिवसच घेतलं तर ७.७. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर ६.८. म्हणजे तुमच्यासाठी जो प्रकार सुचेल, त्यात पन्नास जणींमागे एक जादा. त्या माहितीत जुनी, कृत्रिम प्रोजेस्टोजेन्स घेणाऱ्या स्त्रियाच जास्त होत्या. फ्रान्समधल्या ई३एन या दीर्घ पाहणीत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (शरीरातल्यासारखंच, बारीक कणांचं) घेणाऱ्यांमध्ये धोका कमी दिसला. मी तेच लिहिते त्याचं हे एक कारण. तरी ती पाहणी आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे. त्यामुळे ‘धोका नाहीच’ असं मी त्यावरून म्हणत नाही. तुमच्या आईला, बहिणीला किंवा मावशीला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर जरूर सांगा. तेवढ्यावरून औषध बाद होत नाही, पण चर्चा वेगळ्या जागेवरून सुरू होते.

आता हृदय. इस्ट्रोजेन निरोगी रक्तवाहिनीला लवचीक ठेवतं आणि चरबीचं गणित सुधारतं. पण जिच्या आतल्या बाजूला आधीच थर साठलेत, त्या वाहिनीत तेच औषध, विशेषतः गोळीच्या रूपात, गुठळी व्हायला हातभार लावू शकतं. १९९८ च्या हर्स चाचणीत हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांना हार्मोन देऊन काही फायदा झाला नाही, आणि पहिल्या वर्षात झटके उलट जास्त आले. २०१६ च्या एलिट चाचणीत पाळी जाऊन सहा वर्षांच्या आत सुरू केलेल्यांमध्ये मानेच्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षं उलटून गेलेल्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. म्हणून साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, हा नियम आम्ही पाळतो. पण भिंतीची जाडी म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. लवकर सुरू करणाऱ्या निरोगी बाईच्या हृदयाला अपाय होण्याची शक्यता फार कमी, इतकंच मी खात्रीने सांगू शकते. ‘हृदय जन्मभर सांभाळलं जाईल’ हे वचन कुणी देऊ नये. तुमच्या हृदयासाठी बीपी आटोक्यात राहणं, साखर-कोलेस्टेरॉल बघणं आणि कंबरेचा घेर आवरणं हे या औषधापेक्षा कितीतरी जास्त करेल. स्मरणशक्तीचंही तसंच. पासष्टीनंतर सुरू केलेल्यांमध्ये डिमेन्शिया जवळपास दुप्पट दिसला होता, त्यामुळे विसराळूपणावरचा उपाय म्हणून हे औषध नाही. तुमचा विसराळूपणा मला तरी तुटक्या झोपेचा वाटतो, आणि झोप लागली की तो बराच सुधारेल.

हाडांबद्दल मात्र मी मोकळेपणाने बोलेन. इस्ट्रोजेन हाडं पोखरणाऱ्या पेशींना लगाम घालतं. तो लगाम सुटला की शेवटच्या पाळीच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची दोन-तीन वर्षं हाड सगळ्यात झपाट्याने झिजतं. मणक्यात वर्षाला साधारण दोन टक्के. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात आहात. आईचा खुबा मोडलेला असणं हा फ्रॅक्चरचा धोका मोजण्याच्या फ्रॅक्स या हिशोबात स्वतंत्र मुद्दा आहे. म्हणून औषध घ्या किंवा नका घेऊ, डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) आत्ताच करून ठेवा. टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडांचा वेगळा विचार करावा लागेल. उणे १ ते उणे २.५ च्या मधे आला तर घामासाठी घेतलेलं इस्ट्रोजेनच या घसरत्या काळात हाडं धरून ठेवेल. कमी मात्रेतही ते हे काम बऱ्यापैकी करतं. त्याच्या जोडीला आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ८०० युनिट ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून किमान दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम. नुसतं चालणं पाठीच्या कण्याला पुरत नाही. आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना सांगितली जाते: औषध थांबवल्यावर हाडांची झीज पुन्हा सुरू होते आणि कमावलेली घनता काही वर्षांत निघून जाते. ‘पाच वर्षं घेतलं, आता हाडं पक्की’ असं होत नाही.

एवढ्यावर थोडं थांबून सांगते: कारण घाम आणि झोप, सोबतचा लाभ हाडांना, हृदयासाठी नाही, वेळ योग्य. आता कोणत्या मार्गाने आणि किती.

गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथे एवढं इस्ट्रोजेन एकदम पोचलं की यकृत गुठळी बनवणारी प्रथिनं आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) जास्त तयार करायला लागतं. गोळीने शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो तो यामुळेच. त्वचेतून दिलेलं इस्ट्रोजेन थेट रक्तात जातं. नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका वाढलेला पाहण्यांमध्ये दिसत नाही, आणि ५० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या पॅचने पक्षाघातही वाढलेला दिसत नाही. तुम्हाला बीपी आहे, म्हणून मी गोळीचा विचारच करणार नाही. वजन जास्त असेल, अर्धशिशी असेल किंवा ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तरी हेच उत्तर.

तुमच्या थायरॉइडच्या गोळीचाही याच्याशी संबंध आहे. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेतलं की यकृत थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतं. मोकळं हार्मोन कमी पडतं, आणि चांगली बसलेली मात्रा अचानक अपुरी होते. बाईला थकवा येतो, केस गळतात आणि दोष हार्मोनला मिळतो. जेल किंवा पॅचने हे सहसा होत नाही. तरी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) एकदा बघून घ्या.

सुरुवात मी अशी करते. ०.०६ टक्क्याच्या एस्ट्रॅडिऑल जेलचा एक पंप, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम, रोज एकदा. किंवा २५ मायक्रोग्रॅमचा पॅच, आठवड्यातून दोनदा बदलायचा. आठ आठवड्यांत पुरेसा आराम नसेल तर दोन पंप किंवा ५० चा पॅच. दोन-तीन आठवड्यांत घाम कमी व्हायला लागतो, पूर्ण परिणाम कळायला दोन ते तीन महिने लागतात. घामाच्या लाटांची संख्या सरासरी पाऊण हिश्शाने कमी होते. दहा दिवसांत फरक नाही म्हणून मात्रा वाढवली की स्तन भरून येतात, दुखतात, आणि मग सगळंच बंद केलं जातं. ही घाई अगदी नेहमी दिसते.

जेल लावण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीत निम्म्या वेळा चूक इथेच सापडते. नवीन पंपाचे पहिले एक-दोन दाब हवेचे असतात, ते मोजायचे नाहीत. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून एका हाताच्या बाहेरच्या बाजूला, खांद्यापासून मनगटापर्यंत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरा. लहान ठिपक्यावर चोळून जिरवायचं नाही, जागा जितकी मोठी तितकं ते नीट शोषलं जातं. पाच मिनिटं वाळू द्या, मग कपडे घाला, हात साबणाने धुवा. तासभर ती जागा भिजवू नका आणि त्यावर दुसरं क्रीम लावू नका. स्तनांवर कधीही लावायचं नाही. लहान मूल जवळ घ्यायचं असेल तर ती त्वचा झाकलेली हवी, नाहीतर औषध त्याच्या अंगाला लागतं. पॅच कंबरेच्या खाली, ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर लावायचा, प्रत्येक वेळी जागा बदलायची आणि त्या जागी आधी तेल किंवा लोशन नको. तीन महिने नीट लावूनही उपयोग नसेल तरच मी रक्तातलं एस्ट्रॅडिऑल तपासते. शोषण होत नसेल तर जेलवरून पॅचवर किंवा उलट जाता येतं.

आता या उपचारातला सगळ्यात जपायचा भाग. तुमचं गर्भाशय आहे, म्हणून इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. १९९५ च्या पेपी चाचणीत तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या अस्तरात कॅन्सरकडे झुकणाऱ्या प्रकारची वाढ आढळली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि डिमेन्शियाबद्दलचे काळ्या चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. पण नुसत्या इस्ट्रोजेनबद्दल गर्भाशयाच्या कॅन्सरचा इशारा तसाच ठेवला, आणि ते अगदी बरोबर आहे.

व्यवहारात चूक होते ती अशी. जेलचा पंप आणि कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू. जेलने घाम थांबतो, म्हणून ते आवडतं. कॅप्सूलने सकाळी डोकं जड वाटतं, पोट फुगल्यासारखं होतं, आणि तिचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मग बाई मनानेच कॅप्सूल सोडते आणि जेल चालू ठेवते. कित्येक महिने काहीच बिघडत नाही, उलट बरंच वाटतं. आत मात्र अस्तर जाड होत असतं, आणि पहिली खूण म्हणून एक दिवस रक्तस्राव होतो. म्हणून माझा एकच नियम आहे: थांबवायचं तर आधी जेल थांबवा, नुसती कॅप्सूल कधीही नाही. कॅप्सूल सोसत नसेल तर सांगा, दुसरे मार्ग आहेत. डायड्रोजेस्टेरॉन आहे, किंवा ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गर्भाशयात बसवायची वस्तू आहे. ती पाच वर्षं अस्तर सांभाळते आणि रोजची आठवण ठेवायला लागत नाही. त्वचेवर लावायच्या प्रोजेस्टेरॉन क्रीमने अस्तराचं रक्षण होत नाही, त्यावर विसंबू नका.

तुमची पाळी जाऊन वर्ष उलटलंय, म्हणून मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० मिलिग्रॅम रोज रात्री झोपताना. त्याने गुंगी येते, ती तुमच्या झोपेच्या कामी येईल. सकाळी घेऊन गाडी चालवू नका. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, त्याची अ‍ॅलर्जी असेल तर वेष्टनावरचे घटक वाचा. ज्यांची पाळी अजून अधूनमधून येते किंवा जाऊन वर्ष झालेलं नाही, त्यांना महिन्यातून बारा दिवस २०० मिलिग्रॅम द्यावं लागतं आणि त्यानंतर पाळीसारखा स्राव होतो. त्यांना रोजचा प्रकार दिला तर केव्हाही डाग दिसत राहतात आणि विनाकारण तपासण्या होतात. हार्मोनचा हा उपचार गर्भनिरोधक नाही, हेही त्यांनी लक्षात ठेवावं.

सुरू करण्याआधी मला काय हवं? बीपीचा नीट घेतलेला आकडा, वजन, स्तनांची तपासणी आणि अलीकडची मॅमोग्राफी, साखर, कोलेस्टेरॉल, यकृताच्या चाचण्या, आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. एफएसएच (पाळी गेली का हे बघायची हार्मोनची रक्तचाचणी) नको. ५३ व्या वर्षी, दीड वर्ष पाळी नसताना, तो आकडा काही नवीन सांगत नाही. पाळी गेल्यानंतर एकदाही रक्त दिसलं असेल तर त्याचं कारण सापडेपर्यंत औषध सुरूच करायचं नाही. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर, पूर्वी झालेली गुठळी, हार्ट अटॅक, पक्षाघात, चालू यकृताचा आजार, बेताल बीपी, यांपैकी काही असेल तर सगळं गणित बदलतं. फिट्सची औषधं घेत असाल तर तेही सांगा. लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी इस्ट्रोजेनने उतरू शकते, आणि फिनायटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं उलट हार्मोनच लवकर संपवतात.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली किंवा शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशय काढले, त्यांनी वरचे धोक्याचे आकडे स्वतःला लावू नयेत. त्यांना औषध न घेण्याचा धोका मोठा आहे: हाडं आणि हृदय दोन्ही अनेक वर्षं आधी उघडी पडतात. तिथे काही मनाई नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत तरी, हार्मोन द्यायचंच असतं, आणि मात्राही सहसा जास्त लागते.

सुरू केल्यावर पहिली भेट तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. पहिले तीन ते सहा महिने थोडे डाग दिसले तर घाबरू नका, तारखा लिहून ठेवा. सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, वाढलं, किंवा मधे पूर्ण थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफीने अस्तराची जाडी बघायची आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचा. इथे ‘हार्मोनमुळेच असेल’ म्हणून वाट बघू नका. एका पोटरीत सूज आणि दुखणं, छातीत कळ, अचानक दम लागणं किंवा बोलणं अडखळणं, यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट नको, लगेच दवाखाना गाठा. वजनाची भीती बऱ्याच जणींना असते. या वयात वजन वाढतं ते वाढतंच, हार्मोनने ते जादा वाढतं असं चाचण्यांत दिसत नाही.

घ्यायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, तर तोही रास्त निर्णय आहे, आणि घाम सोसत बसायची गरज नाही. व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ ते ७५ मिलिग्रॅम, रात्रीच्या घामासाठी झोपताना गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम, हे जुने पर्याय. फेझोलिनेटंट हे नवं औषध मेंदूतल्या तापमान-नियंत्रणावर थेट काम करतं, ४५ मिलिग्रॅम रोज, पण यकृताच्या चाचण्या आधी आणि सुरुवातीचे काही महिने करत राहावं लागतं. घाम आणि झोप यांच्यासाठी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचाही उपयोग होतो. यातलं काहीही हाडांना धरत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत मग डेक्साचा निकाल आणखी महत्त्वाचा. गरज पडली तर आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम अलेन्ड्रोनेट.

योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, बहुतेक जणी लिहीत नाहीत. घाम वर्षांनुवर्षं चालला तरी एक दिवस ओसरतो, हा त्रास मात्र वाढतच जातो. त्यावर १० मायक्रोग्रॅमची एस्ट्रॅडिऑलची योनीत ठेवायची गोळी आहे: दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. पहिल्या वर्षाची सगळी मात्रा मिळून जेमतेम १.१ मिलिग्रॅम होते, म्हणजे पोटात घ्यायच्या १ मिलिग्रॅमच्या एका गोळीएवढी. म्हणून हिच्यासोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि ही साठी-सत्तरीतही सुरू करता येते. जेल घेऊनही कोरडेपणा उरला तर दोन्ही एकत्र चालतात.

राहता राहिला ‘किती वर्षं’ हा प्रश्न. ठरावीक आकडा नाही. अमेरिकेतल्या स्वान या दीर्घ पाहणीत घामाचा त्रास निम्म्या जणींना सात वर्षांहून जास्त काळ झाला, म्हणून ‘दोन वर्षांत बंद करा’ हा जुना सल्ला बहुतेकींना त्रासाच्या मधोमध सोडून देतो. मी दरवर्षी हेच विचारते: त्रास अजून आहे का, बीपी आणि वजन कुठे आहे, मॅमोग्राफी झाली का, नवीन कुठला आजार जडला का. पाच वर्षांच्या सुमाराला मात्रा कमी करून बघायची. दोन पंपांवरून एक, तीन महिन्यांनी दिवसाआड, आणि जेल पूर्ण थांबेपर्यंत कॅप्सूल चालू. एकदम बंद केलं काय आणि हळूहळू केलं काय, पुढच्या त्रासात फारसा फरक पडत नाही, पण हळूहळू केलं तर नेमकी कुठली मात्रा पुरते ते कळतं. जवळपास निम्म्या जणींना घाम पुन्हा येतो. तो सोसण्यासारखा नसेल तर सगळ्यात कमी मात्रेवर परत जाता येतं, साठी ओलांडल्यावरसुद्धा, धोक्याचे आकडे समोर ठेवून. आणि कायमचं थांबवायचं ठरलं की त्याच्या आधी डेक्सा पुन्हा करा. आईचा खुबा लक्षात घेता तुम्हाला तेव्हा हाडांचं दुसरं औषध लागेल की नाही, हे तो अहवाल हातात असताना ठरवता येईल.